कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि पॅराथायरॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियमच्या आकड्यापुढे बाण छापून आला की पेशंट दोनच गोष्टी विचारतात: गोळी सुरू करू का, नाहीतर चालू असलेली बंद करू का? दोन्हींचं उत्तर त्या एका आकड्यात नसतं. ते पीटीएच या कॅल्शियम सांभाळणाऱ्या हार्मोनच्या आकड्यात असतं, आणि ती तपासणी बहुतेक वेळा झालेलीच नसते. खालचे बरेचसे प्रश्न या जोडीभोवतीच फिरतात.

कॅल्शियम हाडांत असतं ना? मग ते रक्तात का मोजतात?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण १ किलो कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या १ टक्क्यातला थोडासा भाग रक्तात फिरतो. पण नसांमधून संदेश जाणं, स्नायू आखडणं-सैल होणं, हृदयाचे ठोके, रक्त गोठणं हे सगळं त्या थोडक्यावर चालतं. म्हणून शरीर रक्तातली पातळी फार अरुंद पट्ट्यात धरून ठेवतं. बहुतेक लॅब ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हा पट्टा छापतात.

ही पातळी घसरायला लागली तर शरीर हाडातून कॅल्शियम काढतं. चूल विझू नये म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसं. त्यामुळे वर्षानुवर्षं हाडं झिजत असली तरी रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल येऊ शकतं. हाडं ठिसूळ झालेल्या बहुतेकांचं ते नॉर्मलच येतं. "कॅल्शियम नॉर्मल आहे, म्हणजे हाडं मजबूत आहेत" हे वाक्य मी आठवड्यातून निदान एकदा तरी ऐकतो. ते चूक आहे.

हा हिशेब ठेवतं कोण?

पॅराथायरॉइड ग्रंथी. मराठी पुस्तकांत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात, बोलताना कोणी म्हणत नाही. गळ्यात थायरॉइडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, साधारणपणे चार. थायरॉइडशी त्यांचं नातं शेजाराचं आणि नावाचं, काम पूर्ण वेगळं. "माझी थायरॉइडची तपासणी झालीय" म्हणजे यांची झाली असं नाही.

इतक्या लहान असल्यामुळे त्या सापडल्याही उशिरा. १८५०च्या सुमारास इंग्लिश शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याचं विच्छेदन करताना एक पिवळसर गाठोळी टिपून ठेवली. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन केलं ते १८८० मध्ये, स्वीडनमधल्या उप्साला इथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी. तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. रक्तातलं कॅल्शियम किंचित कमी झालं की त्या पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, सोडतात. पीटीएच तीन ठिकाणी जाऊन काम करतं. हाडातून कॅल्शियम मोकळं करवतं. मूत्रपिंडाला सांगतं, कॅल्शियम लघवीत जाऊ देऊ नको, फॉस्फेट जाऊ दे. आणि त्याच मूत्रपिंडात व्हिटॅमिन डी कामाला लावतं, म्हणजे आतडं अन्नातलं कॅल्शियम जास्त ओढतं. कॅल्शियम वाढलं की ग्रंथी गप्प होतात. पीटीएच रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतं, त्यामुळे हा हिशेब दिवसभर क्षणाक्षणाला बदलत असतो.

आणि व्हिटॅमिन डी यात कुठे बसतं?

नाव व्हिटॅमिन असलं तरी वागणं हार्मोनचं. त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंडावर उन्हातले अतिनील बी किरण पडले की डी तयार होतं. मग यकृतात त्यावर पहिली प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, आणि शेवटी हातात येतं कॅल्सिट्रिऑल. खरं काम करणारा तोच. डी पुरेसं असेल तर आतडं अन्नातलं ३० ते ४० टक्के कॅल्शियम घेतं. नसेल तर १० ते १५ टक्क्यांवर येतं.

काचेच्या खिडकीत बसून ऊन घेतलं तर चालतं का?

नाही. साधी काच अतिनील बी किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊब मिळते, डी मिळत नाही.

डी च्या दोन तपासण्या दिसतात. कुठली करायची?

२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. यकृतात तयार होणारं हे रूप दोन-तीन आठवडे रक्तात टिकतं, म्हणून साठा किती आहे ते कळतं.

दुसरी, म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी, नावावरून जास्त "पूर्ण" वाटते आणि लोक स्वतःहून तीच करून येतात. ती फसवते. डी ची कमतरता झाली की पीटीएच वाढतं आणि उरलेल्या डी मधून मूत्रपिंड जोरात कॅल्सिट्रिऑल बनवायला लागतं. त्यामुळे साठा तळाला गेलेला असताना हा आकडा नॉर्मल किंवा जास्तसुद्धा येतो. मूत्रपिंडाचे काही विकार, फॉस्फेटचे आनुवंशिक आजार, सारकॉइडोसिस (अंगात सुजेच्या गाठी होण्याचा आजार) अशा मोजक्या ठिकाणी तिचा उपयोग आहे.

डी किती असावं? एक डॉक्टर २० म्हणतात, एक ३०.

दोघांच्याही मागे आधार आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात म्हटलं की २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर बहुतेकांच्या हाडांना पुरतं. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन-तज्ज्ञांच्या संघटनेने ३० चा आकडा दिला. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असंही सांगितलं.

माझं मत विचाराल तर १२ च्या खाली असेल तर वाद नाही, भरून काढा. २० च्या वर असलेल्या धडधाकट माणसाला २८ चा ३२ करण्यासाठी मी गोळी देत नाही. आधीच हाडं ठिसूळ झालेली असतील, पीटीएच वाढलेलं असेल, आतड्याचा आजार असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील, तर मात्र मी जरा वरची पातळी धरतो.

रोज घेण्याऐवजी वर्षातून एकदाच मोठा डोस घेतला तर?

हा प्रयोग झालेला आहे. ऑस्ट्रेलियात वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले गेले. २०१० मध्ये निष्कर्ष आला तेव्हा डी घेतलेल्या स्त्रिया जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. रोजचा छोटा डोस बरा. ७० वर्षांपर्यंत ६०० आणि त्यापुढे ८०० युनिट ही शिफारस आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये.

डी जास्त झालं तरी बाधत नाही असं समजू नका. ते चरबीत साठतं आणि सावकाश उतरतं. विषबाधेच्या ज्या केसेस मी पाहिल्या त्यात खलनायक साधा होता: आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल पेशंट दोन महिने रोज घेत होता. मळमळ, सतत तहान, सतत लघवी, बद्धकोष्ठता, आणि घरचे म्हणतात "हल्ली गोंधळल्यासारखे करतात." गोळी बंद केली तरी पातळी खाली यायला आठवडे, कधी महिने लागतात.

माझं कॅल्शियम १०.९ आलं, पीटीएच मात्र नॉर्मल आहे. म्हणजे सगळं ठीक ना?

बहुधा नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

आधी आकडा खरा आहे का ते बघायचं. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) वगैरेंना चिकटलेलं असतं, त्यामुळे अल्ब्युमिन कमी-जास्त असेल तर एकूण कॅल्शियमही खोटं कमी-जास्त दिसतं. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा चढतो. म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवू नये. अल्ब्युमिनसकट पुन्हा करावं, शंका राहिली तर आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं, कॅल्शियम करावं.

दुसऱ्यांदाही जास्तच आलं तर पीटीएचकडे वळायचं. कॅल्शियम वाढलेलं असताना तंदुरुस्त ग्रंथी जवळजवळ बंद पडलेल्या असायला हव्यात, म्हणजे पीटीएच तळाला हवं. ते "नॉर्मल" पट्ट्याच्या मध्यावर किंवा वरच्या टोकाला असेल तर ग्रंथी ऐकत नाहीयेत असा त्याचा अर्थ. लॅबचा कागद दोन्ही आकडे वेगवेगळे तपासतो, जोडीने वाचत नाही. त्यामुळे पीटीएचपुढे बाण नसतो आणि पेशंट वर्षभर निश्चिंत फिरतो.

याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. दहातल्या आठ जणांत चारपैकी एकाच ग्रंथीत साधी, कॅन्सर नसलेली गाठ झालेली असते. काहींच्या एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. कॅन्सर शंभरातल्या एकालाही नसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा आजार सगळ्यात जास्त दिसतो. मुतखडे, हाडं दुखणं, पोट बिघडणं, मन उदास होणं ही पुस्तकी लक्षणं. पण आज बहुतेकांना काहीच ठळक होत नसतं, थकवा तेवढा असतो आणि तो वयावर ढकलला जातो.

निदान पक्कं करण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात. लिथियम किंवा थायझाइड गटातली रक्तदाबाची गोळी चालू आहे का? डी कमी आहे का? आणि २४ तासांच्या लघवीत कॅल्शियम किती जातंय? ते फारच कमी असेल तर एक आनुवंशिक प्रकार असू शकतो, ज्यात रिसेप्टरचीच समज चुकलेली असते. तिथे ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशनने काही साधत नाही, म्हणून ही लघवीची तपासणी टाळू नका, कंटाळवाणी असली तरी.

पीटीएच खरोखरच तळाला असेल आणि कॅल्शियम जास्त, तर दोष या ग्रंथींचा नाही. मग कॅन्सर, डी ची विषबाधा, क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस यांचा शोध घ्यावा लागतो. शेवटच्या दोन आजारांत सुजेच्या गाठी मूत्रपिंडाला न विचारता स्वतःच कॅल्सिट्रिऑल बनवतात.

त्रास काही नाही. मग ऑपरेशन कशाला?

कारण नुकसान गुपचूप होतं. वय ५० च्या आत असेल, कॅल्शियम वरच्या मर्यादेहून १ ने जास्त असेल, डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनवर टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, मणका दबलेला असेल, मुतखडा असेल (लक्षण न देणारा, नुसता स्कॅनवर दिसणारासुद्धा), मूत्रपिंडाचं काम (रिपोर्टमधला ईजीएफआर) ६० च्या खाली गेलं असेल किंवा लघवीत फार कॅल्शियम जात असेल, तर ऑपरेशनचा सल्ला देतात. यातलं काही नसेल तर ठरावीक काळाने तपासण्या करत थांबता येतं. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. दरवर्षी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), दर एक-दोन वर्षांनी डेक्सा.

स्कॅनमध्ये गाठ दिसलीच नाही. म्हणजे आजार नाही?

आजार रक्त ठरवतं. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (सौम्य किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेला) हे सर्जनला कुठे बघायचं ते सांगण्यासाठी असतात. छोटी गाठ किंवा चारही ग्रंथी वाढलेल्या असतील तर स्कॅन कोरा येऊ शकतो, आणि तरीही हात बसलेला सर्जन गाठ शोधून काढतो.

या शोधाची जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२५ मध्ये व्हिएन्नामध्ये सर्जन फेलिक्स मांडल यांच्यासमोर हाडं पार झिजलेला एक ट्राम कामगार होता. त्या काळी समज असा, की हाडांच्या आजारात ग्रंथी कमी पडतात. म्हणून मांडल यांनी आधी दुसऱ्याची ग्रंथी त्याच्या अंगात बसवून पाहिली. उपयोग शून्य. मग उलट विचार करून त्याच्या गळ्यातली गाठ काढली आणि माणूस सुधारला, काही वर्षं तरी. कॅप्टन चार्ल्स मार्टेल यांच्या नशिबात तेवढंही नव्हतं. या अमेरिकन दर्यावर्द्याची उंची आजाराने सुमारे १८ सेंटीमीटर घटली होती. एकामागून एक सहा ऑपरेशनं झाली तरी गाठ मिळेना. १९३२ मध्ये सातव्या वेळी ती सापडली छातीत, गळ्यात नव्हेच. गर्भात या ग्रंथी वरून खाली सरकत येतात. एखादी जास्तच खाली उतरते.

आता गाठ काढल्यावर ऑपरेशन टेबलावरच पीटीएच मोजतात. ते दहा मिनिटांत निम्म्याहून खाली आलं तर सर्जन टाके घालायला घेतो.

मुतखडा झालाय. कॅल्शियम खाणं बंद करू?

करू नका. अन्नातलं कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते कमी केलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खडे वाढू शकतात. गोळ्यांचा मामला वेगळा, त्यांनी खड्यांचा धोका थोडा वाढतो. खडे पुन्हापुन्हा होत असतील तर कॅल्शियम आणि पीटीएच एकदा तरी तपासून घ्या.

पीटीएच जास्त, कॅल्शियम नॉर्मल. हे काय?

इथे ग्रंथी बहुधा आपलं काम नेकीने करतायत. डी कमी, आहारात कॅल्शियम कमी, आतडं नीट शोषत नाही किंवा मूत्रपिंड थकलेलं, यांपैकी काहीतरी असतं आणि ग्रंथी भरपाई करत असतात. याला सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. कारण दुरुस्त केलं की पीटीएच काही महिन्यांत खाली येतं. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात फॉस्फेट साचतं, कॅल्सिट्रिऑल घटतं आणि ग्रंथींना वर्षानुवर्षं सुट्टीच मिळत नाही. मग त्या इतक्या फुगतात की कारण दूर झालं तरी थांबत नाहीत, कॅल्शियमही वाढवतात. तो तिसरा प्रकार, टर्शरी.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतायत.

आजच कॅल्शियम तपासा. ऑपरेशनमध्ये शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर कॅल्शियम घसरतं, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत. पुष्कळांचं हे काही आठवड्यांत सुधारतं. थोड्यांना ते कायमचं राहतं.

अशा पेशंटचं बीपी घेताना एक दृश्य हमखास लक्षात राहतं. पट्टा फुगवून तीन मिनिटं ठेवला की हात त्याच्या इच्छेशिवाय वळायला लागतो: मनगट आत मुडपतं, बोटं सरळ पण एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात. पेशंट आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत असतो. याला ट्रुसोची खूण म्हणतात. पेटके, घसा आवळणं, फिट येणं, हृदयाची लय बिघडणं ही पुढची पायरी, आणि त्यासाठी रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

कायमच्या उपचारात कॅल्शियमबरोबर कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल देतात. साधं डी का पुरत नाही? पीटीएचशिवाय मूत्रपिंड त्याचं कॅल्सिट्रिऑल पुरेसं करत नाही. आणि इथे कॅल्शियम मुद्दाम खालच्या टोकालाच ठेवतात. मूत्रपिंडाला "अडव" म्हणणारं पीटीएच नसल्याने वर नेलेलं कॅल्शियम लघवीत वाहतं आणि खडे करतं. मॅग्नेशियम कमी असेल तर ते आधी भरा, नाहीतर कितीही कॅल्शियम ओता, पातळी हलत नाही.

मुडदूस आणि हाडं ठिसूळ होणं एकच का?

नाही. मुडदूस मुलांचा, हाडाचा साचा तयार होतो पण त्यात खनिज भरलं जात नाही, म्हणून वजनाने पाय वाकतात. मोठ्यांत तोच दोष ऑस्टिओमलेशिया म्हणून येतो: नितंब-मांड्या दुखणं, खालून उठताना हाताचा आधार, डुलत चालणं, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये उरलेल्या हाडात खनिज व्यवस्थित असतं, हाडच कमी झालेलं असतं, आणि मोडेपर्यंत ते दुखत नाही. फरक कामाचा आहे. ऑस्टिओमलेशियाला डी ने उतार पडतो. तो ओळखायचा राहिला आणि हाडांची झीज थांबवणारं जोरदार इंजेक्शन दिलं तर कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं.

पीटीएच हाडं पोखरतं म्हणता, आणि हाडांसाठी त्याचंच इंजेक्शन देतात?

हो, टेरिपॅराटाइड हा पीटीएचचाच तुकडा. सतत वाढलेलं पीटीएच हाड खातं. दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरलं तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. औषध तेच, लय वेगळी.

नखांवर पांढरे डाग आहेत, गुडघे कडकड वाजतात. कॅल्शियम कमी?

नाही.

कॅल्शियमची गोळी कशी घ्यावी?

एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन फायदा नाही, आतडं तेवढंच नीट घेतं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट घ्या, ते उपाशीपोटीही चालतं. थायरॉइडची गोळी आणि हिच्यात चार तास अंतर ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. दिवसाची गरज साधारण १,००० ते १,२०० मिलिग्रॅम, आणि त्यात आहारातलंही धरायचं. लोक गोळीतच सगळं मोजतात.

रक्त देण्याआधी काय सांभाळावं?

केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएच खोटं कमी दिसतं. त्या दिवशीची कॅल्शियमची गोळी रक्त दिल्यावर घ्या. रक्त काढताना मूठ सारखी उघडमीट करू नका. आणि कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फेट, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी डी आणि पीटीएच यांसाठी रक्त एकाच वेळी काढायला सांगा. मार्चमधलं कॅल्शियम आणि जुलैमधलं पीटीएच शेजारी ठेवून काहीही वाचता येत नाही.